वहीची दुसरी बाजू

आमचें काष्टी गांव श्रीगोंदा तालुक्यांत, दौंडहून अहिल्यानगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. त्या शहराला आम्ही जुन्या सवयीनें अजून नगरच म्हणतों. बाहेरच्या लोकांना काष्टी ठाऊक असतें तें शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळें. बैलाचे दांत पाहून आणि उपरण्याखालीं बोटें धरून सौदा करणारीं माणसें मीं लहानपणापासून पाहिलीं आहेत. परंतु याच शिवारांत दरवर्षीं आणखीही एक सौदा पुरा होत असतो, आणि त्याकडे माझें लक्ष फार उशिरां गेलें. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतून व आमच्याच जिल्ह्यांतील पाथर्डीकडून ऊंसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात, माळावर कोप्या उभ्या राहतात, आणि उन्हें तापूं लागलीं कीं एके दिवशीं तेथें चुलींची राख तेवढी उरते. ती राख मला दिसे. माणसें दिसत नसत.

पुण्यास अर्थशास्त्राच्या एम. ए.च्या वर्गांत असतांना प्रबंधाला विषय निवडण्याची वेळ आली, तेव्हां मीं ऊंसतोडणीच्या मजुरीचा विषय घेतला. खरें सांगावयाचें तर त्यांत समाजसेवेची भावना मुळींच नव्हती. आईच्या हातचें जेवून घरच्या घरीं काम उरकेल, एवढाच हिशेब त्यामागें होता. छापील तक्ते घेऊन मी कोप्यांमधून हिंडूं लागलों आणि या धंद्याची रीत हळूहळू समजूं लागली. हंगामापूर्वीं मुकादम जोडप्याला उचल देतो. ती ऊंस तोडून फेडावयाची. मजुरी टनामागें, दिवस बुडाला तर ‘खाडा’ म्हणून कपात, आणि हंगामाअखेर उचल फिटली नाहीं तर बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर. मुकादम तरी स्वतंत्र कोठें आहे? त्यानेंही कारखान्याकडून पैसा उचललेलाच असतो. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ समजतात. नवऱ्यानें तोडावें, बायकोनेंही तोडावें, शिवाय मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्याव्या. आणि पहांटेपूर्वींची चूल व कडेवरचें मूल हीं तिचींच.

माझ्या तक्त्यांतही ‘कोयता’ असाच रकाना होता. एके दिवशीं बीडकडची एक बाई, जिला मी मावशी म्हणत असें, वाढ्यांची पेंढी बांधतां बांधतां माझ्या वहींत डोकावली.

“मास्तर, ह्यात मी कुठं हाय?”

“मावशी, तुमचा कोयता सतरावा आहे.”

“कोयता ह्यांच्या हातात हाय. मी कुठं हाय?”

मला उत्तर सुचलें नाहीं. त्या रात्रीं मीं सारे तक्ते नव्यानें आंखले, आणि पुरुषाच्या व स्त्रीच्या कामाचे तास निरनिराळे लिहूं लागलों. स्त्रीचा दिवस लांब निघाला. पुढें परीक्षकांनीं प्रबंधांतील जी गोष्ट विशेष वाखाणली ती हीच, आणि ती माझी नव्हती.

त्यानंतर मावशीनें मला एक काम सांगितलें. त्यांची स्वतःची बैलगाडी होती. प्रत्येक खेपेला काट्यावर वजनाची पावती मिळे, पण ती मुकादमाकडे जाई, आणि घरांत वाचतां कोणालाच येत नसे. “पावती द्यायच्या आधी तुम्ही तेवढं लिहून ठेवा,” ती म्हणाली. माझी वही एका बाजूनें प्रबंधाकरितां भरत आली होती. ती उलटी करून मीं मागल्या पानापासून मावशीच्या खेपा मांडावयास सुरुवात केली. तारीख, टन, आणि खाडा पडला असल्यास त्याचें कारण. एका खाड्याचें कारण मुलाचा ताप होतें.

हंगाम संपत आला. मुकादमाच्या हिशेबांत आणि माझ्या वहींत नऊ टनांचा फरक पडला. मावशी म्हणाली, “शनवारी हिशेब हाय. तेवढी वही घेऊन या.” मीं ‘येतों’ म्हटलें आणि गेलों नाहीं. अभ्यासकानें तटस्थ राहावें, आपण तंट्यांत पडलों तर प्रबंधाचें मोल कमी होईल, अशी मीं स्वतःची समजूत घातली, आणि एक प्रकरण दाखविण्याच्या निमित्तानें पुण्यास निघून गेलों. सोमवारीं परत आलों तेव्हां माळावर राख होती. आकडा तटस्थ होता खरा. परंतु तो पिशवींत घालून पुण्यास नेणें हें कांहीं तटस्थपणाचें नव्हतें.

प्रबंधाला पहिला वर्ग मिळाला. पुढें वाचन वाढलें तसतशी माझी सबब मलाच लटकी वाटूं लागली. डॉ. आंबेडकरांनीं १९१६ सालीं कोलंबिया विद्यापीठांत जातिसंस्थेवर निबंध वाचला, तेव्हां ते विद्यार्थीच होते. १९१८ सालीं लहान शेतांच्या प्रश्नावर लिहितांना त्यांनीं दाखवून दिलें कीं, नुसतीं शेतें जोडून भागणार नाहीं. जमिनीवर पोसलीं जाणारीं जादा माणसें उद्योगधंद्यांत गेलीं पाहिजेत. हें वाचतांना मावशीची आठवण झाली. ती धंद्याच्या दारापर्यंत आली होती, पण कारखान्याच्या हजेरींत तिचें नांव नव्हतें. तेच आंबेडकर १९२७ सालीं महाडच्या तळ्यावर गेले, आणि १९३७ सालीं त्यांनीं खोती नष्ट करण्याचें बिल मुंबईच्या कायदेमंडळांत मांडलें. त्यामुळें त्यांची विद्वत्ता उणी झाली असें कोण म्हणेल? अगदीं अलीकडे, अमेरिकेंतील गेल ऑम्व्हेट ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिण्यासाठीं १९७० च्या सुमारास महाराष्ट्रांत आल्या. १९७३ सालीं बर्कले येथें त्यांना डॉक्टरेट मिळाली. पण प्रबंध पुरा झाला म्हणून त्यांचें येथलें काम पुरें झालें नाहीं. सांगली जिल्ह्यांतील कासेगांवीं त्या राहिल्या, १९८३ सालीं भारताच्या नागरिक झाल्या, आणि दुष्काळी भागांतील समान पाणीवाटपाच्या व स्त्रियांच्या चळवळींत २०२१ सालीं मृत्यु येईपर्यंत वावरल्या.

एवढी झेप माझी नाहीं. मी एका महाविद्यालयांत शिकवितों. दरवर्षीं हंगामांत पदव्युत्तर वर्गाचे चारपांच विद्यार्थी घेऊन मी माळावर जातों. प्रत्येक कोपीसाठीं आम्ही दोन सारख्या वह्या करतों. एक आमच्या अभ्यासाला, दुसरी कोपींतच राहावयाची, आणि तिच्यावर नवरा व बायको दोघांचीं नांवें. हिशेबाच्या दिवशीं बोलावणें आलें तर जावयाचें, हा नियम. आजवर दोन हिशेब दुरुस्त झाले. एकदां मुकादमच बरोबर निघाला आणि आमच्या विद्यार्थ्याची बेरीज चुकलेली; तेंही आम्हीं टोळीसमोर कबूल केलें. त्या दिवसानंतर मुकादम स्वतः आमची वही मागूं लागला.

मावशीची टोळी पुन्हां काष्टीला आली नाहीं. ती जुनी वही मीं जपून ठेवली आहे. तिच्या मागल्या पानांवरचे टन पाहिले कीं वाटतें, त्या हंगामांत उचल घेणारी ती एकटीच नव्हती. तिच्या शब्दांची आणि दिवसांची उचल मींही घेतली होती; तिची बाकी पुढच्या खात्यावर लिहिली गेली, आणि माझी मला पदवी म्हणून मिळाली.