४१३३०१

पत्त्यात ‘ता. माढा, जि. सोलापूर’ लिहून झाले की त्याची पाळी येते. मोडनिंबच्या माणसाला तो तोंडपाठ असतो. आधार कार्डावर, पासबुकावर, कुरिअरच्या खोक्यावर त्याला लिहायचे आणि कामाला लागायचे, एवढीच त्याची-आपली ओळख.

त्याचे कूळ सरकारी. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाले. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. ते केंद्राच्या दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला ४ पश्चिमेकडचा विभाग सांगतो, ४१३ वरून टपालाची वर्गवारी होते आणि ३०१ वरून पत्र मोडनिंबला उतरते. पंढरपूर तीनच अंक पुढे, ४१३३०४.

ही झाली त्याची नोकरी. स्वभाव पाहायचा तर कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

तो विषम आहे. अंकांची बेरीज १२, म्हणून ३ने भाग जातो, उरतात १,३७,७६७. त्यांना ७ने भागले की १९,६८१. इथे मात्र तो अडून बसतो. १३९ पर्यंतची एकेक मूळ संख्या लावून पाहावी, एकीनेही पूर्ण भाग जात नाही. १४१चा वर्ग १९,८८१, म्हणजे पुढे शोधायची गरजच नाही. १९,६८१ स्वतःच मूळ संख्या आहे, आणि ३च्या नवव्या घाताला, १९,६८३ला, फक्त दोन कमी. ३ आणि ७ इतके मनमिळाऊ, आणि त्यांच्या सोबतीला हा असा भारदस्त गडी!

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी संख्यांचे असे स्वभाव आयुष्यभर पाहिले. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. आपला गडी त्यांत बसत नाही. विषम संख्येला १२ने भाग कसा जाणार? पण कापरेकरांची दुसरी वाट त्याला मानवते. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, आणि उत्तरावर पुन्हा तेच. चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे नसले तर, शेवटी ६१७४ वर येऊन थांबते. हा सहा अंकी. ४३३११० वजा ०११३३४, उत्तर ४२१७७६. मग ६५१७४४, ६२०८७४, ८५१७४२. पुढे ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि पुन्हा ८५१७४२! सात संख्यांच्या या फेऱ्यातून तो कधीच बाहेर पडत नाही.

यातले काहीही टपाल खात्याने त्याला दिलेले नाही. खात्याने उद्या मोडनिंबला दुसरा क्रमांक दिला, तरी ३, ७ आणि १९,६८१ त्याच्याजवळच राहतील. गावातल्या शाळेत अवयव शिकवताना फळ्यावर पहिला मान त्याचा असावा.