उंदराची साक्ष

आमच्या मुळशीत आवणीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात वाकून राहावं लागतं. बाविसाव्या वर्षी मला ते जमेनासं झालं. पहाटे कंबर लाकडासारखी ताठ व्हायची आणि तासाभराने, चालल्याफिरल्यावर सुटायची. दुपारी मी हिंडताना दिसलो की आबा म्हणायचे, "कामाच्या टायमालाच बरी तुझी कंबर धरती!" पुढे पुढे मलाही वाटू लागलं, खरंच आपण आळशी असू.

चार वर्षांनी पुण्यातल्या एका डॉक्टरांनी निदान केलं : अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. यात मणक्याचे सांधे सुजतात आणि काहींचे मणके हळूहळू एकमेकांना जुळून जातात. रक्ताच्या रिपोर्टवर लिहिलं होतं, एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह.

या जनुकाचा आजाराशी असलेला संबंध १९७३ मध्येच लक्षात आला होता. पण हे जनुक असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. मग दोष जनुकाचा, की माणसाच्या राहणीचा? १९९० मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या संशोधकांनी माणसाचं बी२७ जनुक, त्याच्या जोडीच्या आणखी एका मानवी जनुकासह, रॅट जातीच्या मोठ्या उंदरांच्या फलित बीजांडांत घातलं. त्यातून तयार झालेल्या काही वाणांच्या उंदरांचे सांधे आपोआप सुजले, आतडी बिघडली, कातडी खराब झाली. १९९४ मध्ये दिसलं, की हेच उंदीर पूर्ण जंतुमुक्त जागेत वाढवले तर त्यांची आतडी आणि सांधे शाबूत राहतात. म्हणजे जनुक हवंच, पण पोटातल्या जंतूंचाही त्यात हात आहे.

हे मी आबांना समजावून सांगितलं. त्या उंदरांना शेत नव्हतं, टाळायला काम नव्हतं, तरी त्यांचं अंग धरलं. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उंदराला तरी कुणी आळशी म्हनलं नसंल."

आता मी एटॅनरसेप्टचं इंजेक्शन घेतो. सूज वाढवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला ते अडवतं. हे औषध बनवणारा ल्युपिनचा जैवतंत्रज्ञान विभाग आमच्याच तालुक्यात, घोटावड्याला आहे. औषध काही त्या उंदरांमधून आलेलं नाही. त्यांनी माझ्या बाजूने साक्ष दिली, एवढंच. त्यासाठी माझं दुखणं मात्र त्यांना सोसावं लागलं.

घरात आंबेमोहराच्या कणगीशेजारी पिंजरा अजूनही लागतो. धान्य खाणाऱ्या उंदराची दया शेतकऱ्याला परवडत नाही, हे मलाही कळतं. सापडलेल्या उंदराचा पिंजरा पाण्यात बुडवायचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं. हल्ली आबा मला हाक मारत नाहीत. सकाळी मी कंबर सुटायची वाट बघत पडलेला असतो, तेव्हा ते स्वतःच पिंजरा उचलतात आणि ओढ्याकडे जातात.