गाडीचे ओझे

दादा गेले आणि त्यांची मारुती ८०० माझ्या पुतण्याकडे आली. दिवाळीच्या सुट्टीत मी चेन्नईला गेलो, तर स्वारी ती गाडी इरुंगट्टुकोट्टईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या तयारीत! "काका, इंजिनासाठी थोडे पैसे द्या ना." मास्तरापुढे हात पसरणारा शर्यतवीर मी प्रथमच पाहिला.

त्याचा मेकॅनिक मात्र शहाणा. त्याने इंजिनाला हातच लावला नाही. आधी ब्रेकचे जुने तेल बदलले. ते हवेतली ओल शोषते, ट्रॅकवर तापून उकळते आणि पेडल पायाखाली पोकळ होते. मग चांगले ब्रेकपॅड, चांगले टायर. शेवटी त्या दिवसापुरती स्टेपनी, जॅक आणि मागची सीट काढली. ओझे उतरले की गाडी सुटताना, वळताना, थांबताना, सगळीकडे चपळ होते. लोटस गाड्यांच्या कॉलिन चॅपमनने याच हट्टावर कीर्ती मिळवली.

मागची सीट गॅलरीत पडली होती. वहिनींनी तिच्यावरची धूळ पदराने पुसली आणि हळूच विचारले, "भावोजी, थांबते ना गाडी नीट?"

"वहिनी, बहुतेक खर्च थांबण्यावरच आहे!"

तेव्हा कुठे त्या हसल्या. मग मीही पाकीट उघडले.