माना वर झाल्या की

भिगवणला जाऊन आलेल्या माणसाच्या कॅमेऱ्यात उडत्या रोहितांचा एक तरी फोटो असतोच. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. पाण्यात उभा असताना हा पक्षी लांबून जवळजवळ पांढराच दिसतो. पंखांवरचा लालभडक पट्टा आणि त्याला लागून असलेला काळा रंग हे सगळं पंख उघडल्यावरच नजरेत भरतं, म्हणून प्रत्येकाला तो उडतानाच हवा असतो. थांबायची तयारी नसली की मग फर्माईश सुटते, "दादा, नाव जरा आत घ्या, उडवा की त्यांना." नाव थव्यात घुसते, पक्षी उठतात, शटर कडाडतात आणि मंडळी खूश होऊन परततात. मला या प्रकाराचा मनापासून राग येतो.

एक तर तो पक्षी तिथे खायला आलेला असतो. मान खाली घालून, चोच उलटी धरून, चिखलपाणी गाळत त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव टिपत तो तासन् तास चालत असतो. एवढ्या लांब पायांचं ते अंग पाण्यावरून बरीच पावलं धावल्याशिवाय हवेत उठत नाही. प्रत्येक नावेनं त्याला असं धावायला लावलं, तर तो खाणार कधी? आणि दुसरं, निव्वळ फोटोचा विचार केला तरी हा व्यवहार तोट्याचाच आहे. घाबरलेला थवा आपल्यापासून दूर पळतो. हाती लागतात त्या पाठी आणि लोंबते पाय. डोळा एकाचाही दिसत नाही.

आपणहून उठणारा थवा वेगळा असतो, आणि उठण्याआधी तो तसं सांगतो. हे मला पुस्तकानं शिकवलेलं नाही, भिगवणजवळच्या कुंभारगावच्या एका नावाड्यानं शिकवलं. उजनी धरण झालं तेव्हा भीमेचं पाणी इथवर पसरलं. धरण 1980 च्या सुमारास पुरं झालं आणि या काठावरची माणसं मासेमारीला लागली. हे दादा त्यांच्यातलेच, जाळी टाकणारे. आता हिवाळ्यात सकाळी पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवतात. उथळ पाणी लागलं की इंजिन बंद करून बांबूनं नाव रेटतात आणि थव्यापासून बऱ्याच अंतरावर बांबू चिखलात रोवून गप्प बसतात. एकदा अशीच नाव उभी असताना ते हळूच म्हणाले, "उठत्यात आता, बगा." मला काहीच फरक दिसत नव्हता. मग दिसायला लागला. एकेक करून माना वर होत होत्या. खाणं थांबलं होतं. मघापर्यंत चहूकडे तोंडं करून चरणारा थवा एकाच दिशेला चालू लागला होता, आणि बदकांच्या कलकलाटासारखा आवाज वाढत गेला. मग पहिला धावला.

तेव्हापासून मी पंखांकडे बघतच नाही, मानांकडे बघतो. पक्षी उठतो तो वाऱ्याच्या तोंडावर. त्यामुळे वारा आपल्या पाठीवर घेतला की थवा आपल्याच बाजूला तोंड करून उठतो. सकाळी सूर्यही पाठीशी असेल तर आणखी काय हवं? नाव कुठे लावायची याची चर्चा आम्ही काठावरच करून घेतो. चरत्या पक्ष्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, उडत्याला दोन हजारावा लागतो. माना वर झाल्या की बोट आपोआप शटरच्या चाकाकडे जातं. नावेत ट्रायपॉडचा उपयोग नाही, कारण नावच डुलत असते. कोपर गुडघ्यावर टेकवायचं आणि जमेल तेवढं खाली बसायचं. लेन्स पाण्याच्या जवळ आली की फोटोत पक्षी आपल्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहतो.

आन्री कार्तिए-ब्रेसाँचं 1952 चं पुस्तक इंग्रजीत 'द डिसायसिव्ह मोमेंट' या नावानं आलं. तेव्हापासून तो निर्णायक क्षण फोटोग्राफीच्या प्रत्येक वर्गात सांगितला जातो. ऐकणाऱ्याला वाटतं, क्षण विजेसारखा येतो आणि चपळ माणूस त्याला पकडतो. माझा अनुभव तसा नाही. क्षण चाहूल देऊन येतो, आणि ती चाहूल ऐकू येते फक्त तिथे नेहमी जाणाऱ्याला. आमच्यासारख्या हौशी माणसाची खरी मिळकत हीच आहे. कुणाला उद्या सकाळी फोटो पोचवायचा नसतो, त्याच पाणवठ्यावर, त्याच गल्लीत कितीदाही जाता येतं. नव्या जागांच्या मागे धावणारे मित्र मला आहेत. त्यांचे फोटो सुंदर असतात, पण माझी ओढ दरवर्षी त्याच चिखलाकडे.

आणि घराकडे. घरात तर मी रोजच असतो.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आग्नेयेला आहे. मार्गशीर्ष-पौषात सूर्य उगवतो तोच दक्षिणेकडे सरकून, त्यामुळे सकाळचं ऊन सरळ ओट्यावर येतं, अगदी तव्यापर्यंत. चैत्र लागला की ते आखडायला लागतं आणि ज्येष्ठात चौकटीवरच अडतं. म्हणजे आईच्या भाकऱ्यांना वर्षातून काही महिनेच हा उजेड मिळतो. मागून येणाऱ्या त्या उजेडात एरवी न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात: काटवटीवर थाप पडली की उडणारं पीठ, तव्यावरून उठणारी वाफ, बांगडीच्या आत चिकटलेला ओल्या पिठाचा कण.

कॅमेऱ्याचं मीटर इथे हमखास फसतं. समोर येईल त्याला ते मधल्या करड्या रंगाचं धरून चालतं. खिडकीचा लखलखाट दिसला की सगळं काळवंडून टाकतं, आणि आईचा चेहरा नाहीसा होतो. म्हणून एक्स्पोजर दीड स्टॉप वर घ्यायचं. खिडकी पांढरी पडली तर पडू दे, मला चेहरा हवाय. लेन्स साधी पन्नासची. शटर साठावर ठेवलं तर थापणारे हात किंचित पुसट होतात आणि चेहरा स्थिर राहतो. मला भाकरीचा तो वेग हवा असतो.

इथेही चाहूल आहे. आई भाकरी करताना सतत बोलत असते. गावाकडचं, शेजारचं, मला न कळणाऱ्या नात्यांचं. भाकरी तव्यावर पडते, वरून पाण्याचा हात फिरतो, पाणी सुकलं की उलटते, बोलणं चालूच. मग तवा बाजूला करून ती जाळावर भाकरी धरते आणि बोलणं थांबतं. अर्ध्या वाक्यात थांबतं. कडेला एक फुगवटा येतो, तो पसरत जातो आणि भाकरी टम्म होते. ती थांबली की मी कॅमेरा डोळ्याला लावतो.

तिला हे फोटो आवडत नाहीत. "अरे, माझा फोटो काढायचा तर नीट साडी तरी नेसू दे," असं ती म्हणते, आणि तिचं म्हणणं रास्त आहे. आपला कुठला चेहरा मागे राहावा हे ठरवायचा हक्क फोटो काढणाऱ्याच्या आधी त्या माणसाचा असतो. म्हणून दिवाळीत इरकल नेसून, दारापुढच्या रांगोळीशी उभी राहून ती कॅमेऱ्याकडे सरळ बघते, तो फोटोही मी तितक्याच मन लावून काढतो. दारातल्या सावलीत तिला दोन पावलं मागे घेतो, म्हणजे उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो आणि डोळ्यांखाली काळं येत नाही. तो मोठा करून तिच्या भावंडांना पाठवतो. ओट्याजवळचे तिच्या परवानगीनं घरातच राहतात. बायकोला मात्र तेच आवडतात. त्यातला एक तिनं डब्यांच्या मांडणीशेजारी लावलाय.

परवा नावाडीदादांचा फोन आला. पाऊस भरपूर झाला, उजनी काठोकाठ आहे, चिखल अजून उघडा पडलेला नाही. पट्टकदंब हंस थोडे दिसतात, रोहितांना उथळ पाणी लागतं. "संक्रांतीनंतर या," म्हणाले. तोवर घरी भोगी आहे. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या होतील, आणि तिरप्या उन्हात वरचा एकेक तीळ सुटा दिसेल असा माझा अंदाज आहे. खिडकीतला मिक्सर तेवढ्या सकाळपुरता खाली ठेवायचं बायकोनं कबूल केलंय.