संगणक का बंद पडला?

आपल्या शाळेतील संगणक तुम्हां सर्वांना माहीत आहे. तो माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. वरंधला पावसाळ्यात वारा सुटला की लाईट सारखी येते-जाते. श्रावणात एके दिवशी लाईट गेली आणि पुन्हा आली. तेव्हा संगणकाच्या डब्यात फट् असा आवाज झाला व जळका वास सुटला. त्यानंतर बटण कितीही दाबले तरी काहीच होईना. एका दुरुस्तीवाल्याने तर न बघताच सांगितले, "जुना आहे, भंगारात द्या."

पण त्या संगणकात शाळेचे फोटो आहेत. बाईंनी गावातल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्याही त्यात भरून ठेवल्या आहेत. त्यात माझी आजी आहे. आता तिला दम लागतो. दोन ओळी झाल्या की ती थांबते. म्हणून मला फार वाईट वाटले.

माझा मामा मोटारी दुरुस्त करतो. गुरुजींना विचारून मी त्याला बोलावले. शनिवारी सकाळच्या शाळेत तो आला. मामा म्हणाला, "अगो, आधी सोपं बघायचं, मग अवघड."

पहिल्यांदा त्याने त्याच बोर्डात टेबलपंखा लावला. पंखा फिरला, म्हणजे बोर्डात वीज होती. मग संगणकाची वायर काढून पडद्याला लावली. पडद्याचा दिवा लागला, म्हणजे वायरही चांगली होती. डब्याच्या मागचे बटणही चालूच होते. आता दोष डब्याच्या आत असणार.

आत पत्र्याची एक पेटी असते. तिला पॉवर सप्लाय म्हणतात. घरात वीज २३० व्होल्टची येते. संगणकाला ती तशी चालत नाही. त्याला १२, ५ आणि ३.३ व्होल्टच लागतात. मोठ्या पाटाचे पाणी एकदम तरव्यात सोडले तर रोपे वाहून जातील. म्हणून आपण बांध फोडून थोडे थोडे सोडतो. ही पेटी तसेच काम करते. पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ ची आणि नारिंगी ३.३ ची असते.

मामाने वायर काढून पेटीचे सगळे प्लग सोडवले. चोवीस भोकांच्या मोठ्या प्लगात एकच हिरवी तार होती. ती व एक काळी तार त्याने तारेच्या तुकड्याने जोडली आणि मग वीज दिली. असे केले की पेटीचा पंखा फिरतो. पण तो फिरला नाही. मी म्हणाले, "मामा, नुसता पंखाच बिघडला असंल तर?" मामा हसला. त्याने जांभळ्या तारेला मीटर लावला. वीज दिली की तिथे ५ व्होल्ट यायलाच हवेत. मीटरने शून्य दाखवले. पेटी मेली होती.

तरी बाकीचा संगणक चांगला आहे, हे अजून कळले नव्हते. मामाने दुसऱ्या जुन्या संगणकाची पेटी आणली होती. आधी ती हिरव्या-काळ्या तारेने तपासली. तिचा पंखा गरगर फिरला. मग वीज बंद करून ती पेटी आत बसवली. गुरुजींनी बटण दाबले. टीक असा आवाज झाला आणि पडदा उजळला. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

बाईंनी त्याच दिवशी सगळ्या ओव्या पेनड्राईव्हमध्येही उतरवून घेतल्या. सोमवारी आजी शाळेत आली. स्वतःचा आवाज ऐकून ती पदराने डोळे पुसू लागली. पालकांनाही ओव्या ऐकायच्या असतील तर बाईंना सांगावे.

मुलांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. पत्र्याची पेटी कधीही उघडू नका. तिच्यात कपॅसिटर असतात. प्लग काढला तरी त्यांत वीज साठून राहते व जोराचा झटका बसतो. मामानेसुद्धा ती उघडली नाही. हे काम जाणत्या माणसाचे आहे. पण विचार करणे आपले काम आहे. एखादी वस्तू बंद पडली तर सगळीच बिघडली असे समजू नये. काय चांगले आहे ते एकेक करून बाजूला काढावे. मग जे उरते तोच दोष असतो.