भिंतीचा दाखला

राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली रामपूरला निघाले आणि पुढच्याच वर्षी नागपुरास आले. आगीचे शास्त्र शिकावयास देशभरचे अंमलदार ज्या शहरात येतात, त्याच शहरातील इमारती तपासण्यात ज्याची उमेद खर्च झाली, त्याला भिंत देखणी आहे की नाही हे पाहण्याआधी ती बोटांनी ठोकून पाहण्याची खोड जडावी, हे स्वाभाविक होय.

भिंत मढविण्याच्या फलकांची भारतीय मानक १२७७७ प्रमाणे होणारी परीक्षा मोठी शिस्तीची आहे. उष्णता फेकणाऱ्या तप्त फलकाशी काटकोन करून नमुना उभा करतात, म्हणजे त्याचे जवळचे टोक प्रखर तापते आणि दूरचे मंद. जवळच्या टोकाला मिनिटभर लहानशी ज्योत देतात आणि ज्वाला पृष्ठभागावरून किती व किती वेगाने सरकली, याची नोंद ठेवतात. त्यावरून चार वर्ग ठरतात. ज्वाला झपाट्याने पसरविणाऱ्या चौथ्या वर्गाला राष्ट्रीय इमारत संहितेने स्वयंपाकघर, मार्गिका आणि जिने निषिद्ध केले आहेत.

माझा कलह परीक्षेशी नसून दाखल्याशी आहे. दाखला मिळतो नमुन्याला. भिंतीवर मात्र त्याच नमुन्याचा फलक सुताराच्या हातून, लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर, मागे पोकळी राखून, वर सोल्युशनने सनमायका डकवून आणि पॉलिश चढवून येतो, आणि त्या पोकळीतून वर चढणाऱ्या ज्वालेची दफ्तरात कोठेही दखल नसते. सिव्हिल लाइन्समधील जुन्या बंगल्यांचा चुन्याचा गिलावा जळत नाही. त्यावरची ओल झाकण्यासाठी पीव्हीसीचे पट्टे ठोकण्याची अक्कल आमच्याच पिढीची!

शिवाय ही परीक्षा ज्वालेची वाटचाल मोजते, धूर मोजीत नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात लागलेल्या आगीत १० नवजात अर्भके दगावली, त्यांपैकी ७ धुराने गुदमरून, असे तेव्हा सरकारातून सांगण्यात आले. तेथे दोष भिंतीचा होता असे मी म्हणत नाही. परंतु धूर काय करतो, हे विदर्भाला निराळे शिकविण्याची गरज उरलेली नाही.

म्हणून इस्पितळांच्या मालकांना माझी विनंती एवढीच, की दाखला मागताना तो कोणत्या चौकटीवर, कोणत्या सोल्युशनासह मिळाला तेही विचारावे, धुराची चाचणी निराळी मागावी, आणि जिन्यात व मार्गिकेत काहीच मढवू नये. तेथे साधा गिलावा आणि चुन्याची सफेती पुरे.