बे

तो एकटा कधी दिसत नाही. वाक्य पुढे जातं, तो मागून येतो आणि शेवटच्या शब्दाच्या खांद्यावर हात टाकून उभा राहतो. 'चाल बे.' 'ऐक ना बे.' 'काहून बे?' 'हाव बे.' अक्षर एक, त्यावर एक मात्रा. अर्थ विचाराल तर तो त्याच्यापाशी नाही. वाक्यातून काढला तरी माहिती तेवढीच राहते. पण माणूस राहत नाही. नागपुरात बर्डीवर, इतवारीत, महालातल्या गल्लीत, तर्री-पोह्याच्या कुठल्याही ठेल्यापाशी थोडा वेळ उभं राहा, दोन दोस्तांचं बोलणं ऐका, आणि मनातल्या मनात त्यातून सगळे 'बे' गाळून पाहा. उरेल ते दोन अनोळखी माणसांचं बोलणं असेल.

त्याचा गोतावळा मोठा आहे. खेड्यातला 'गा' त्याचा सोयरा, पण स्वभावाने शांत: 'काय गा, कुठी चालला?' बायकांसाठी 'वं' आहे: 'येऊन राह्यली का वं?' सगळ्यांना एकदम हाक द्यायची तर 'राजेहो'. थक्क झालं की 'बाप्पा'. या सगळ्यांत 'बे' शहरी. तो शाळेच्या मागच्या बाकावर वाढला, क्रिकेटच्या मैदानात वाढला, खर्रा घोटणाऱ्या पानठेल्यावर रात्री उशिरापर्यंत थांबला. दुरून कुणाला थांबवायचं असेल तर तो वाक्याच्या पुढे येतो आणि तेव्हा 'अबे' होतो. जवळ आला की पुन्हा मागे जातो.

त्याचे नियम कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात मला सापडलेले नाहीत, पण नागपूरचं दहा वर्षांचं पोट्टं ते बिनचूक पाळतं. 'तुम्ही'बरोबर तो बसत नाही. बापाला, काकाला, गुरुजींना लावायचा नाही. हिंदीत गेला तरी 'आप'च्या वाऱ्याला उभा राहत नाही. नव्या माणसाला पहिल्या भेटीत लावायचा नाही. पण दोस्ती जुळल्यावरही लावला नाही, तर समोरच्याला वाटतं काही बिनसलं. नागपुरात रुसवा असाच कळतो. काल 'येतो का बे' म्हणणारा आज 'येतो का' म्हणाला, की समजावं.

त्याचं आणखी एक वैशिष्ट्य मला फार मोलाचं वाटतं. तो फक्त 'तू'ला चिकटत नाही, 'मी'लाही चिकटतो. 'थकलो बे.' 'पेपर गेला बे माझा.' आणि रात्री-बेरात्री फोनवर, दोनच शब्दांनंतर, 'बाबा गेले बे.' ज्याने हे कधी ऐकलं असेल, किंवा कधी म्हटलं असेल, त्याला 'बे' असभ्य आहे हे कुणी पटवू शकणार नाही. तिथे 'अरे' चालत नाही, 'मित्रा' तर मुळीच चालत नाही. दुःख सांगणारा माणूस त्या क्षणी ज्याला 'बे' म्हणतो, त्याच्यापुढे तो पूर्ण निःशस्त्र असतो. अशा वेळी पलीकडूनही फार बोललं जात नाही. 'आलो बे' एवढंच येतं, आणि गाडी सुरू केल्याचा आवाज.

तो इथला की बाहेरचा, हा वाद घालण्यात मला रस नाही. लखनौ-कानपूरकडे 'अबे' आहे, आपल्या सोलापुरात 'काय बे' आहे. नागपुरात तो रुजला, कारण हे शहरच मिश्र वस्तीचं. १७०२ च्या सुमारास गोंड राजा बख्त बुलंदशाहाने ते वसवलं. पुढे भोसल्यांबरोबर मराठी माणूस आला. १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत निर्माण केला आणि नागपूर त्याची राजधानी झालं. तेव्हापासून जबलपूर, रायपूरकडची हिंदी माणसं आणि वर्धा, भंडाऱ्याकडची मराठी माणसं एकाच कचेरीच्या पायऱ्या चढू लागली. १८६७ मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, १९२३ मध्ये विद्यापीठ झालं. गिरणीत, कोर्टात, वसतिगृहात दोन भाषांची पोरं शेजारी बसली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, पण त्याआधीच्या जवळपास शंभर वर्षांत बोली घडून गेली होती. 'करून राह्यला' ही आमची क्रियापदाची घडण त्याच सहवासातली. तिच्यामागे हिंदीतलं 'कर रहा है' स्पष्ट ऐकू येतं. 'बे'ला तर या दोन भाषांमध्ये कधी उंबरठाच लागला नाही. 'क्या कर रहा बे' आणि 'काय करून राह्यला बे' ही वाक्यं एकाच तोंडातून, एकाच चहाच्या घोटाबरोबर निघतात.

इंग्रज काळातल्या ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात वऱ्हाडी-नागपुरीला स्वतंत्र जागा आहे. बोलींचे नमुने गोळा करायला त्या सर्वेक्षणात मुख्यतः बायबलमधली एक गोष्ट वापरली गेली, उधळ्या मुलाची. घरी परतलेला मुलगा बापाची क्षमा मागतो. बापलेकांच्या त्या बोलण्यात 'बे'ने यावं तरी कसं? तो जिथे राहतो त्या चौकात सर्वेक्षणाची कथाच पोचत नव्हती.

आता त्याची काळी बाजू. ती झाकली तर हे चित्र खोटं होईल. हाच 'बे' सायकलरिक्षावाल्याला लावला जातो, हॉटेलात टेबल पुसणाऱ्या पोराला लावला जातो, सफाई कामगाराला लावला जातो, आणि त्यांनी तो परत करायचा नसतो. 'ए, इकडे ये बे' म्हणणाऱ्याला 'काय झालं बे' असं उत्तर मिळालं, तर तिथे भांडण उभं राहतं. माझ्या लेखी 'बे'ची परीक्षा एवढीच: तो परत देता येतो का? देता येत असेल तर ती दोस्ती, नसेल तर तो अपमान. अक्षर तेच, मात्रा तीच.

एकतर्फी संबोधनाचा हा अपमान किती खोल जातो, हे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसलं, त्यानेच या शहराला एक वेगळं संबोधन दिलं. 'जय भीम'. ते रुजवण्याचं श्रेय शेजारच्या कामठीच्या बाबू हरदास यांना दिलं जातं. त्या अभिवादनाची रचना नीट पाहा: म्हणणारा 'जय भीम' म्हणतो आणि ऐकणाराही 'जय भीम'च म्हणतो. वय, हुद्दा, पगार काहीही असो, जे शब्द दिले तेच परत येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर दर वर्षी हे देणं-घेणं लाखो तोंडांनी होतं. बरोबरीचा मान भाषेत कसा ठेवायचा, हे नागपूरने तिथे दाखवून दिलं आहे. कट्ट्यावरच्या 'बे'नेही त्याच कसोटीला उतरलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजांच्या देशातही 'बे'चे भाऊबंद आहेत. तिकडचा 'मेट' म्हणजे दोस्त. पण बसमध्ये धक्का लागल्यावर कुणी आवाज खाली आणून 'मेट' म्हणालं तर तो इशारा असतो, अगदी आपल्या लांबवलेल्या 'काऽय बे'सारखा. हाच 'मेट' ऑस्ट्रेलियातही चालतो; तिथल्या संसदेत २००५ मध्ये सुरक्षारक्षकांनी कुणाला 'मेट' म्हणू नये असा हुकूम निघाला होता. एवढा गदारोळ झाला की एका दिवसात तो मागे घ्यावा लागला. लंडनची पोरं वाक्याच्या शेवटी 'इनिट' लावतात, जसं आपण 'ना' लावतो. कॅरिबियन, बंगाली, आफ्रिकी, गोरी अशी सगळी मुलं एकाच मोहल्ल्यात वाढली आणि त्यांची एक नवी बोली तयार झाली. हॅकनीसारख्या भागात भाषाशास्त्रज्ञांनी तिचा पद्धतशीर अभ्यास केला. दक्षिण लंडनमधल्या एका शाळेने मात्र २०१३ मध्ये 'इनिट'सह काही शब्दांवर बंदीची पाटी लावली. मुलांना नोकरीच्या मुलाखतीत अडचण येऊ नये, हा हेतू. हेतू समजतो. पण घरची बोली सोडल्याशिवाय दुसरी शिकता येत नाही, हे गृहीतच चुकीचं आहे.

आपल्याकडे पाटी लावावी लागत नाही. नागपूरचा मुलगा पुण्याला शिकायला जातो आणि पहिल्या महिन्यातच 'बे' गिळायला शिकतो. कुणी हसलेलं असतं, कुणी 'तुमच्याकडे असंच बोलतात का' असं विचारलेलं असतं. 'मले'चं 'मला' होतं, 'हाव'चं 'हो' होतं, ते ठीकच. पण 'बे'ला पर्याय नसतो, तिथे रिकामी जागा राहते. चित्रपटातही वैदर्भी बोली बरीच वर्षं फक्त हशा काढण्यासाठी आली. म्हणून नागराज मंजुळेंचा 'झुंड' २०२२ मध्ये आला तेव्हा मला विशेष आनंद झाला. नागपूरच्या झोपडपट्टीतली ती मुलं आपल्याच नागपुरी हिंदीत भांडतात, स्वप्नं पाहतात, रडतात. समोर अमिताभ बच्चन असले तरी त्यांची भाषा बदलत नाही.

'बे' बदलतो आहे, तो दुसऱ्या बाजूने. एकेकाळी तो फक्त पोरांचा होता. आता धरमपेठेत, फुटाळा तलावाच्या काठावर, कॉलेजच्या पार्किंगमध्ये मुली एकमेकींना सर्रास 'बे' म्हणतात, आणि मुलांनाही म्हणतात. घरोघरी आया कपाळाला हात लावतात, भाऊ डोळे वटारतात. मला मात्र यात कुठलाही बिघाड दिसत नाही. ज्यांना आजवर तो परत करता येत नव्हता, त्या तो परत करू लागल्या आहेत.

'पोट्टी असून बे म्हणते?'

'हाव. तुलेच येते का बे?'